हेलनबाईंचं विरजण

हेलनबाई डाबरे कुणाच्या घरी माशांची टाकी बघायला गेल्या की आधी मासे बघत नाहीत. चपला दाराबाहेर, ओढणी कमरेला, आणि मग सरळ टाकीपाशी जाऊन काचेला कान. प्रेमलताबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना महादेवाच्या देवळातला नंदी आठवला. तिथे माणसं नंदीच्या कानात सांगायला वाकतात, ही बाई ऐकायला वाकली होती.

पंखा बंद करा म्हणाल्या. छताचा पंखा थांबला. पाच-सहा सेकंद गेले असतील नसतील.

"आतलं चक्र घासतंय," हेलनबाई म्हणाल्या. "वाळूचा कण असेल."

प्रेमलताबाईंच्या मुलाने, अनुजने, फिल्टर बाहेर काढला, उघडला, तर खरंच मोहरीएवढा खडा त्याच्या तळहातावर पडला. आठवडाभर त्याने त्या फिल्टरवर मोबाइलमध्ये काय काय वाचून काढलं होतं. आता हातातला मोबाइल खिशात गेला, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

टाकी होती प्रेमलताबाईंच्या नवऱ्याची, पांडुरंगरावांची. साळवींचं घर वसई पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. मूळ गाव चिपळूणकडचं, पण पांडुरंगरावांची छत्तीस वर्षं मुंबईत विमा कचेरीत गेली आणि निवृत्तीचे पैसे या दोन खोल्या-किचनमध्ये. गेल्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. महिनाभराने माणूस घरी आला तो भिंतीकडे तोंड करूनच. मग पुण्याच्या लेकीने, जागृतीने, अडीच फुटी काचेची टाकी आणि चार गोल्डफिश पाठवले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, माशांचे दाणे उजव्या हाताच्या चिमटीत धरायचे आणि एकेक करून सोडायचे. धरणं सोपं असतं म्हणाल्या, सोडणं कठीण.

पांडुरंगरावांनी चारही माशांना कचेरीतल्या माणसांची नावं दिली. लांब शेपटीचा तो दळवी. सतत तळाशी काहीतरी हुंगत फिरणारा तो कुलकर्णी. पांढरी, ठुमकत पोहणारी मिस पिंटो. आणि सगळ्यांत गलेलठ्ठ, वर येऊन तोंड उघडून उभा राहणारा तो साहेब. झटक्यानंतर घरात त्यांचा पहिला धड शब्द उमटला तो 'साहेब' हाच. प्रेमलताबाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.

म्हणून मिस पिंटो गेली तेव्हा घरात माणूस गेल्यासारखं झालं. पांडुरंगरावांनी दोन दिवस ताट सरकवून दिलं. मग तीन आठवड्यांत कुलकर्णी गेला. पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं व्हायचं, मासे वर येऊन हवा गिळत राहायचे. अनुजने टाकीबरोबर आलेल्या लहान फिल्टरच्या जोडीला एक मोठा जोरकस फिल्टर मागवला, त्यानेही काही झालं नाही. शेवटी त्याने आईला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं, की आणखी एक मासा गेला तर टाकी जाणार. सातिवलीला त्याच्या ओळखीच्या एका गोदामाच्या ऑफिसातली माणसं ती ठेवून घ्यायला तयार होती. बाबांनी एकेक मरण बघत बसायचं, त्यापेक्षा एकदाच काय ते रडून घेऊ दे. त्याचंही चूक नव्हतं.

हेलनबाईंचं नाव खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं. निर्मळच्या पुढे वाडीत राहतात, स्कूटरवर बादल्या लावून वसईभर फिरतात, आणि दुकानदारासारखं काही गळ्यात मारत नाहीत. प्रेमलताबाईंना हे शेवटचं खरं वाटलं नव्हतं.

पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायचं ही त्यांची जन्माची सवय. बुधवारी दुपारभर बसून त्यांनी टाकीतली सगळी खडी उपसली, गरम पाण्यात मीठ घालून चोळली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत पिळला आणि गच्चीत उन्हात वाळत घातला. गुरुवारी हेलनबाई आल्या तेव्हा टाकी आरशासारखी लखलखत होती. कौतुक होईल अशी प्रेमलताबाईंची अपेक्षा होती.

हेलनबाईंनी बटाट्याच्या सालीच्या रंगाचा तो कडक स्पंज हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, "ताई, हा कुणी इतका स्वच्छ धुतला?"

"मी," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"छान धुतलाय," हेलनबाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आता पुन्हा कधी धुऊ नका."

मग त्यांनी पिशवीतून आइसक्रीमचा जुना डबा काढला. झाकण उघडताच प्रेमलताबाईंचा हात पदराकडे गेला. आत चिखलाच्या रंगाचा, बुळबुळीत, ठिबकणारा एक स्पंज होता. स्वतःच्या घरच्या टाकीतून हेलनबाई तो मुद्दाम घेऊन आल्या होत्या, आणि आता तो या घासल्यापुसल्या टाकीत सोडायला निघाल्या होत्या. प्रेमलताबाईंना राहवेना. त्यांनी स्पष्टच सांगितलं, की असली घाण आपण घरात येऊ देणार नाही.

"ताई, तुमच्या घरी दही कसं लावता?"

"विरजण घालून."

"रिकाम्या पातेल्यात नुसतं दूध ठेवलंत तर?"

"नासेल."

"तुमचं पाणी नासतंय. हे विरजण आहे."

माशांची घाण खाऊन टाकणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या बुळबुळीत थरात राहतात, हे त्यांनी मग सावकाश समजावलं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मरतात, उन्हाने मरतात, गरम पाण्याने तर मरतातच. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, दोन आठवड्यांनी एकदा, दोनदा दाबायचा, पुरे. प्रेमलताबाई ऐकत होत्या. चाळीस वर्षं ज्या कामाबद्दल त्यांना शाबासकी मिळाली होती, तेच काम इथे करायचं नव्हतं.

अनुज मोबाइल घेऊन पुन्हा पुढे झाला. त्याने तिसरा फिल्टर बघून ठेवला होता, टाकीखाली ठेवायचा मोठा डब्याचा, परदेशी. हेलनबाईंनी तो नीट बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आणि एक दाणा टाकीत टाकून अनुजला बघायला सांगितलं. मोठ्या फिल्टरच्या धारेने दाणा सुसाट पलीकडच्या काचेवर जाऊन आपटला. त्याच धारेत दळवी आपली लांब शेपटी सांभाळत एकाच जागी पोहत होता.

"हा चोवीस तास घाट चढतोय," हेलनबाई म्हणाल्या. "याच्याहून मोठा आणलास तर काय होईल, तूच सांग."

त्यांनी मोठा फिल्टर काढून ठेवला. लहान चालू ठेवला, आणि जोडीला आपला विरजणाचा स्पंज चढवून साधा स्पंज फिल्टर बसवला, हवेच्या पंपावर चालणारा, बुडबुड्यांच्या जोराने पाणी स्पंजातून ओढणारा. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, फळीवर ठेवला, कारण वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं आणि खाली ठेवलेला पंप बुडतो. तरी नळीत एक झडपही बसवलीच. काच घासायला अनुजने आणलेलं लोहचुंबकाचं यंत्र त्यांनी नको म्हटलं. त्यात खडीचा एक कण अडकला की काचेवर जन्माचा ओरखडा. एक बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड घ्या, त्याच्या कडेने शेवाळ निघतं. तळाची घाण ओढायला सायफनची नळी तेवढी घ्या. आणि एक बादली, जिला आयुष्यात साबण लागणार नाही. तिच्या कडीला त्यांनी स्वतःच लाल नाडी बांधून दिली.

हे सगळं करताना त्यांचा हात कुठे अडखळत नव्हता. प्रेमलताबाईंनी न राहवून विचारलं, हे कुठे शिकलात. वालीवला, म्हणाल्या. तिथल्या एका युनिटमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं माशांच्या टाकीतल्या पंपांच्या मोटरींचं वाइंडिंग केलं, केसाएवढी तार बोटाने मोजत. परत आलेले बिघडलेले पंप उघडायचं काम बायकांना नको असायचं, कारण त्यात माशांच्या पाण्याचा वास मारायचा. हेलनबाईंनी ते मागून घेतलं. कुठला पंप कशाने मेला हे त्या आवाजावरून सांगू लागल्या. पुढे युनिट कामणच्या बाजूला हललं, नव्या यंत्रांवर बायका नको झाल्या. बाकीच्या जणी घरी बसल्या, हेलनबाईंनी स्कूटर शिकून घेतली. वय त्रेचाळीस. पहिल्याच आठवड्यात पापडीच्या वळणावर बादल्यांसकट आडव्या झाल्या होत्या, हे सांगताना त्या स्वतःच हसल्या.

जाताना त्यांनी विचारलं, "खाणं काय घालता?"

"चिमूटभर दाणे. सकाळ-संध्याकाळ. हेच घालतात," म्हणत प्रेमलताबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं.

"आणखी काही?"

"काही नाही."

यात त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

नवरा इस्पितळात असताना त्यांनी नेम बोलला होता. रोज पहाटे आंघोळ करून कागदाच्या एकवीस बारीक चिठ्ठ्यांवर रामाचं नाव लिहायचं, एकेक चिठ्ठी मुगाएवढ्या कणकेच्या गोळीत घालायची आणि माशांना द्यायची. सव्वा वर्ष. त्यांच्या आईने गावी नदीवर हेच केलं होतं. इथे तळ्यापर्यंत जायचं तर पांडुरंगरावांना एकटं कुणापाशी सोडणार? आणि तेवढ्यात मासेच चालून घरी आले. देवाचीच योजना, असं त्यांनी आपल्या रोजच्या वहीत त्या दिवशी लिहूनही ठेवलं होतं. ते माशांचं खाणं होतं, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. ती सेवा होती.

पाच दिवस पाणी छान राहिलं. सहाव्या दिवशी पुन्हा धुकं आलं, आणि शनिवारी सकाळी दळवी तळाशी मरून पडलेला दिसला. पांडुरंगरावांनी दाण्यांची डबी बंद केली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. अनुजने सातिवलीला फोन केला. उद्या बाराला माणसं येतील.

प्रेमलताबाईंनी हेलनबाईंना फोन लावला. आयतवारी त्या काम करत नाहीत, हे त्यांना सांगितलेलं होतं. पलीकडून आवाज आला, "मिस्सा साडेआठला सुटते. नंतर येते."

साडेनऊला त्या चर्चमधून तशाच आल्या, मिस्साच्या चांगल्या निळ्या साडीत. कान लावला. मोटर ठीक होती. खिशात मावणाऱ्या बाटलीत पाणी घेऊन त्यात घाण तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते गर्द हिरवं झालं. कालपर्यंतच्या दोन माशांची आणि दोन चिमटी दाण्यांची एवढी घाण होऊच शकत नाही, असं त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी साडीचा पदर खोचला, सायफनची नळी खडीत रोवली आणि लाल नाडीच्या बादलीत तळ ओढायला लागल्या.

बादलीत पांढरे धागे आले. चिकट, पिठूळ, कापसासारखे. हेलनबाईंनी त्यातला एक गोळा तळहातावर घेतला, अंगठ्याने अलगद पसरला. कागदाचा तुकडा होता. त्यावर बॉलपेनने लिहिलेली दोन अक्षरं अजून वाचता येत होती.

त्यांनी मान वर केली. प्रेमलताबाई समोरच उभ्या होत्या. एकमेकींकडे बघायला त्यांना क्षणच मिळाला, कारण मागून अनुज येत होता.

"आंटी, तुमच्या स्पंजनेही नाहीच झालं ना शेवटी?"

हेलनबाईंनी मूठ मिटली.

"माझंच चुकलं, बाबू," त्या म्हणाल्या. "मी नीट विचारून घेतलं नाही."

एवढंच म्हणून त्या पुन्हा नळीकडे वळल्या. प्रेमलताबाई त्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिल्या. ही बाई आपला आयतवार मोडून आली होती, तिच्या कामाचं नाव खराब होत होतं, टाकी तासा-दोन तासांत खाली उतरणार होती, आणि ती मूठ उघडत नव्हती. आपण गप्प राहिलो तर कुणालाही काही कळणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. नेमही झाकला जाईल. फक्त भिंतीकडे वळलेली ती खुर्ची तशीच राहील.

त्या देवघरात गेल्या. कणकेची वाटी, कात्री, उद्यासाठी कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या असं सगळं तबकात घेऊन आल्या आणि टाकीसमोरच्या तिवईवर ठेवलं.

"यांचं काही चुकलेलं नाही," त्या अनुजला म्हणाल्या. "मी घालत होते. रोज एकवीस. तुझ्या बाबांसाठी."

अनुज तबकाकडे बघत राहिला. तेवढ्यात खुर्ची कुरकुरली. पांडुरंगराव डाव्या पायाने रेटा देत इकडे वळत होते.

"साहेब," ते म्हणाले. शब्द जमवायला वेळ लागला. "साहेब... थुंकतो."

"काय?"

"गोळी. थुंकतो."

हेलनबाईंना आधी हसू फुटलं, मग अनुजला. नवरा रोज पहाटे जागा असायचा आणि बघत असायचा, हे प्रेमलताबाईंच्या आता ध्यानात आलं. मग सांगितलं का नाही, त्यांनी विचारलं.

"नेम," पांडुरंगराव म्हणाले. "तुझा."

त्यानंतर प्रेमलताबाई थोडा वेळ बाथरूममध्ये जाऊन आल्या.

परत आल्या तेव्हा हेलनबाईंनी बादलीवर फडकं बांधून ती बाजूला ठेवली होती. अनुज ती मोरीत ओतायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं होतं. नाव आहे त्यात, म्हणाल्या. वाडीत नेऊन मोगऱ्याला घालते. निम्मं पाणी त्यांनी बदललं, भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्यानेच. स्पंजला हात लावला नाही. विरजण जिवंत आहे, त्याला झेपत नव्हतं इतकंच.

नेमाचं काय, हा प्रश्न प्रेमलताबाई विचारू शकत नव्हत्या आणि गिळूही शकत नव्हत्या. हेलनबाईंनीच तो काढला. त्यांच्या घरामागे बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं जुनं गोडं तळं, त्यात हाताएवढे मासे. कणकेचा गोळा पाण्याला टेकायच्या आत गिळतात. फक्त कागद तेवढा नको, कागद त्यांच्याही पोटाला बरा नाही.

"नाव वहीत लिहा, ताई. कणीक माझ्याकडे द्या. आता दर गुरुवारी मी येत जाईन."

"सात दिवसांची एकदम चालेल?"

"ते तुम्हाला माहीत," हेलनबाई म्हणाल्या. "माझी सासू चर्चमधल्या मावलीपुढे रोज मेणबत्ती लावायची. पडून राहिल्यावर मी लावायचे, तिच्या नावाने. मावलीने कधी विचारलं नाही कुणी लावली."

प्रेमलताबाईंनी विचार केला. मग वाटीतली कणीक केळीच्या पानात बांधली आणि हेलनबाईंच्या पिशवीत आपल्या हाताने ठेवली.

बाराला सातिवलीची दोन माणसं आली. त्यांना चहा मिळाला, पोहे मिळाले. टाकी मिळाली नाही. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून अनुजने तो मोठा जोरकस फिल्टर त्यांना देऊन टाकला. त्यांच्याकडे अजून टाकीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

याला आता पाच महिने होऊन गेले. साहेब आहे, आणि त्याच्या जोडीला दोन नवे आलेत. त्यांतली पांढरी आहे तिचं नाव पांडुरंगरावांनी हेलन ठेवलं. हे खऱ्या हेलनबाईंना कळलं तेव्हा त्यांनी त्या मासळीला दोन मिनिटं निरखलं आणि एवढी जाड नाही हं मी, म्हणाल्या. प्रेमलताबाईंच्या वहीत रोज एकवीस नावं उतरतात, पानाच्या कडेला बारीक अक्षरात थेंब टाकून तपासलेल्या पाण्याचा रंगही: आज पिवळा, आज पिवळा. एकदा रिक्षा करून त्या आणि पांडुरंगराव बावखलावर जाऊन आले. काठावर खुर्ची टाकली होती. पांडुरंगरावांनी उजव्या हातात गोळी धरली, बराच वेळ धरूनच राहिले, आणि मग बोटं उघडली. खाली पाणी उसळलं. हेलनबाई केळीखाली उभ्या राहून बघत होत्या. त्या दुसरी गोळी पुढे करत म्हणाल्या, "चला भाऊ, रांग लागलीय."

दर पंधरवड्याला अनुज लाल नाडीच्या बादलीत स्पंज पिळतो. दोनदा दाबायचा, पुरे. गढूळ, काळपट पाणी येतं, स्पंज तसाच बुळबुळीत राहतो, आणि तो तसाच परत टाकीत जातो. त्या वेळी प्रेमलताबाई मुद्दाम पलीकडे बसतात, हात मांडीखाली घेऊन. नळ चार पावलांवर असतो. साबण त्याच्याच वर. अजून एकदाही त्या उठलेल्या नाहीत.